फोटो हलला म्हणजे काय हलले?

मराठीत बिघडलेल्या छायाचित्रासाठी एक साधा शब्दप्रयोग रूढ आहे : ‘फोटो हलला’. या वाक्यात कर्ता फोटो आहे. काढणाऱ्याचा हात हलला, ज्याचा काढला तो माणूस हलला, की दोघेही हलले, याविषयी वाक्य मौन पाळते. दोषी कोण हे न सांगता दोष मात्र ते पक्का करून टाकते. गावोगावच्या स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे बसलेल्या माणसाला जी सूचना हमखास मिळे, ती ‘हलू नका’ अशी असे. म्हणजे छायाचित्रणाशी आपल्यापैकी अनेकांची ओळख झाली ती एका नकारार्थी आज्ञेतून. रस्त्यावरच्या माणसाला ही आज्ञा देता येत नाही. तो हलणारच, हलण्यासाठीच तो रस्त्यावर आलेला असतो. त्याच्या हलण्याची जी पुसट खूण चित्रात उरते तिला छायाचित्रकार ‘मोशन ब्लर’ म्हणतात. आपण तिला गतीची धूसरता म्हणू. या धूसरतेविषयी आमचे एक मत झाले आहे आणि ते एका चुकीतून झाले आहे. चूक आमचीच असल्यामुळे आधी ती सांगणे योग्य.

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाने ‘शहर’ या विषयावर विद्यार्थ्यांच्या कविता आणि छायाचित्रे यांचे एक छोटे प्रदर्शन भरवले. परीक्षणाचे काम आम्हा तिघा मराठीच्या अध्यापकांकडे आले. कवितांच्या बाबतीत फारसे अवघड गेले नाही. छायाचित्रांच्या बाबतीत आमची तयारी हौशी प्रेक्षकाची होती, जाणकाराची नव्हती. निवडता निवडता शेवटी दोन चित्रे उरली.

पहिले दादर स्थानकाच्या पादचारी पुलावरचे. संध्याकाळची वेळ. पुलाचे कठडे, छताचे पत्रे, वरची ट्यूबलाइट हे सारे रेखीव, आणि माणसांच्या जागी करड्या-निळ्या धुराचा एक लोट. एकही चेहरा ओळखू येत नाही. शीर्षक होते ‘धावती मुंबई’. दुसरे चित्र त्याच स्थानकाच्या पश्चिमेकडचे. फुटपाथवर बसलेली एक गजरेवाली. चेहरा स्पष्ट, नजर येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे, पुढ्यात ओल्या फडक्यावर मोगऱ्याच्या कळ्यांचा ढीग. हात मात्र जवळजवळ नाहीतच. हातांच्या जागी बोटांचा एक पुसट पंखा आणि त्यातून बाहेर आलेला पांढरा दोरा. या चित्राला शीर्षक नव्हते.

आम्ही पहिल्या चित्राला पहिले पारितोषिक दिले. दुसऱ्याच्या परीक्षणपत्रकावर आमच्या हस्ताक्षरातला शेरा आहे : ‘विषय चांगला. हात अस्पष्ट आल्याने परिणाम उणावला. तांत्रिक दोष.’ पारितोषिक वितरण झाल्यावर ते चित्र काढणारी विद्यार्थिनी भेटायला आली. तक्रार अशी तिने केली नाही. एवढेच म्हणाली, ‘‘मॅडम, फोटो नाही हलला. तिचे हात हलत होते.’’

त्या दिवशी आमच्याजवळ या वाक्याला उत्तर नव्हते. दोन्ही चित्रांत धूसरता होती. गर्दीच्या बाबतीत ती आम्हाला कला वाटली आणि हातांच्या बाबतीत दोष वाटला. असे का व्हावे, या प्रश्नाने आम्ही पुढचे काही महिने बरेच पाहिले, बरेच वाचले आणि आपसांत भांडलोही.

प्रथम थोडे यंत्राविषयी, कारण यंत्र समजल्याशिवाय या विषयावर मत देणे म्हणजे वृत्त न ओळखता पद्याची समीक्षा करणे होय. कॅमेऱ्याचे शटर उघडे असते तेवढा काळ समोरचा प्रकाश आत साठत राहतो. सामान्य चालीचा माणूस ताशी सुमारे पाच किलोमीटर चालतो, म्हणजे सेकंदाला साधारण १.४ मीटर. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरते उघडले तर तेवढ्यात तो तीन मिलिमीटरही सरकत नाही. चित्रात तो थिजतो. पंधराव्या भागापुरते उघडले तर सुमारे नऊ सेंटिमीटर सरकतो आणि त्याच्या कडा विरघळू लागतात. पाव सेकंदात तो पस्तीस सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. देह राहतो, ओळख जाते. तीन-चार सेकंद उघडे ठेवले तर त्याचा एक पट्टा उरतो. आणि काही मिनिटे ठेवले तर तो उरतच नाही, कारण कोणत्याही एका ठिकाणी तो इतका थोडा वेळ होता की त्याची नोंद व्हायला तेवढा प्रकाश पुरत नाही.

यात आणखी एक बारकावा आहे. चालणाऱ्या माणसाचे सगळे शरीर एका वेगाने चालत नाही. जो पाय जमिनीवर टेकलेला असतो तो त्या क्षणी स्थिर असतो, आणि दुसरा धडापेक्षाही वेगाने पुढे येत असतो. ऑटो स्टाइनर्ट या जर्मन छायाचित्रकाराने १९५० साली काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात वरून पाहिलेला रस्ता आहे, झाडाभोवतीची जाळी आहे आणि एक पादचारी आहे. त्या पादचाऱ्याचा फक्त एक पाय स्पष्ट उमटला आहे. बाकीचा माणूस धूसर. जर्मन भाषेत पादचाऱ्याला जो शब्द आहे त्यातच ‘पाय’ आहे. स्टाइनर्टने त्याला ‘एक’ जोडून शीर्षकात कोटी केली. पण हा केवळ विनोद नाही. माणूस चालतो तेव्हा जमिनीशी त्याचा खरा संबंध एकेका पायापुरताच असतो, ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ती धूसरतेने दाखवली.

आम्ही व्याकरण शिकवतो, म्हणून आमच्या सोयीने एक उपमा देतो. पाचशेव्या भागातले चित्र साध्या भूतकाळात असते : माणूस चालला. पाव सेकंदाचे चित्र अपूर्ण काळात असते : माणूस चालत होता. आणि काही सेकंदांचे, धुराचा लोट झालेले चित्र रीती भूतकाळात असते : माणसे येथून जात असत. कोणती माणसे, हा प्रश्न रीती काळाला पडत नाही, कारण त्याचा संबंध कृतीपेक्षा सवयीशी असतो. तिन्ही काळ भाषेला हवेत. त्यांतला एक शुद्ध आणि बाकीचे अशुद्ध असे कोणी म्हणत नाही. तरीही कोणत्या गोष्टीसाठी कोणता काळ वापरला याला अर्थ असतोच. एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूची बातमी कुणी रीती भूतकाळात लिहिली तर ती चूक केवळ व्याकरणाची राहणार नाही.

शहराच्या छायाचित्रणाचा प्रारंभच या प्रश्नाने झाला आहे. लुई दागेरने १८३८ मध्ये पॅरिसमधल्या आपल्या खिडकीतून ‘बुलेव्हार द्यु ताँप्ल’ या रस्त्याचे चित्र घेतले. नाटकगृहांनी गजबजलेला, घोडागाड्यांनी भरलेला तो रस्ता. चित्रात तो ओस आहे. शटर काही मिनिटे उघडे असल्यामुळे चालणारी सगळी माणसे आणि सगळ्या गाड्या नाहीशा झाल्या. डाव्या बाजूला खाली मात्र एक माणूस उभा आहे; त्याचा एक पाय उचललेला आहे, आणि त्याच्या पायाशी बूट पुसणारा एक जण आहे. छायाचित्रात उमटलेली पहिली माणसे म्हणून यांचा उल्लेख नेहमी होतो. पुढच्या वर्षी सॅम्युएल मोर्स या अमेरिकी चित्रकार-संशोधकाने हे चित्र पॅरिसमध्ये पाहिले, आणि भावाला लिहिलेल्या पत्रात गजबजलेला रस्ता निर्जन दिसतो या चमत्काराची आणि त्या बूट पुसून घेणाऱ्या माणसाची नोंद केली.

या चित्राचा एक अर्थ लगेच सुचतो, आणि आम्हालाही तोच सुचला : ज्याला थांबायला वेळ होता तो इतिहासात राहिला, ज्याला कामावर जायचे होते तो पुसला गेला. अर्थ आकर्षक आहे, वर्गात टाळी घेईल असा आहे. पण तो पुरता खरा नाही. बूट पुसणाराही चित्रात आहेच. तो थांबला तो विश्रांतीसाठी नव्हे. त्याचे कामच एका जागी बसून करायचे होते. मोर्सच्या त्या वर्णनात लक्ष वेधले ते पुसून घेणाऱ्याने. पुसणारा त्या चित्रातही अधिक पुसट आहे, कारण त्याचे अंग हलत होते. म्हणजे छायाचित्रणातला पहिला श्रमिक हा पहिला हललेला माणूसही आहे. दादरच्या गजरेवालीचे हात आणि पॅरिसच्या त्या बूट पुसणाऱ्याचे हात यांच्यात पावणेदोनशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. पण शेरा मारणारे तेच : विषय चांगला, हात अस्पष्ट.

पुढे शटर वेगवान झाले, फिल्म प्रकाशाला अधिक संवेदनशील झाली, आणि ‘थिजवणे’ हा छायाचित्राचा आदर्श झाला. आन्री कार्तिए-ब्रेसाँच्या १९५२ च्या पुस्तकाच्या इंग्रजी शीर्षकामुळे ‘निर्णायक क्षण’ ही कल्पना जगभर रूढ झाली. आपल्याकडेही कथेच्या चर्चेत ती आपण सर्रास वापरतो. त्या कल्पनेचे उदाहरण म्हणून नेहमी दाखवले जाणारे चित्र १९३२ चे आहे : पॅरिसच्या साँ-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस. ते चित्र वाचकांनी पुन्हा एकदा नीट पाहावे. उडी मारणारा माणूस स्पष्ट नाही. तो हललेला आहे. स्पष्ट आहेत ती पाण्यातली वर्तुळे, शिडी, मागचे कुंपण. ज्या चित्राच्या नावाने आपण धूसर चित्रांना नापास करत आलो ते चित्र स्वतःच या कसोटीवर नापास होते. टाच पाण्याला टेकण्यापूर्वीचा तो क्षण निर्णायक वाटतो, याला त्या माणसाची ती किंचित अस्पष्टताही कारण आहे.

धूसरतेला केवळ दोष न मानता तिच्यातून एका शहराचे दुःख सांगणारे छायाचित्रकार म्हणून आम्हाला अलेक्सेई तितारेन्को महत्त्वाचे वाटतात. सोव्हिएत संघ १९९१ च्या अखेरीस विसर्जित झाला. जानेवारी १९९२ पासून किमती मोकळ्या सोडल्या गेल्या आणि पगार, निवृत्तिवेतन, आयुष्यभराची बचत यांची किंमत पाहता पाहता उतरली. त्या काळातल्या सेंट पीटर्सबर्गची त्यांची ‘सावल्यांचे शहर’ ही चित्रमालिका आहे. तिच्यातली सर्वांत परिचित चित्रे एका मेट्रो स्थानकाच्या पायऱ्यांवरची आहेत. शटर दीर्घ काळ उघडे ठेवल्यामुळे पायऱ्या चढणारी गर्दी एक काळसर, वाहती राशी होते. ही राशी पाहून ‘चेहरा हरवलेली गर्दी’ असे म्हणून आपण पुढे जाऊ शकतो. पण एका चित्रात कठड्याकडे पाहावे. तेथे हात आहेत. जिन्याचा कठडा धरलेले हात क्षणभर थांबले, म्हणून ते उमटले. देह विरघळला आहे आणि आधार शोधणारी पकड उरली आहे. त्या हातांमुळे ती राशी पुन्हा माणसांची होते.

धूसरता परिणामकारक ठरली की तिची फॅशन व्हायला वेळ लागत नाही, हेही सांगायला हवे. जपानमध्ये नोव्हेंबर १९६८ ते ऑगस्ट १९६९ या काळात ‘प्रोव्होक’ या नियतकालिकाचे तीन अंक निघाले. ताकुमा नाकाहिरा त्याच्या संस्थापकांपैकी. दाइदो मोरियामा दुसऱ्या अंकापासून त्यात आले. खरखरीत, हललेली, फोकस सुटलेली चित्रे ही त्यांची ओळख झाली. नीटनेटक्या छायाचित्राने जगाविषयी जी खात्री दिली होती तिच्यावरच त्यांचा विश्वास नव्हता, आणि विद्यार्थी आंदोलनांच्या त्या दिवसांत या अविश्वासाला अर्थ होता. पण लवकरच, १९७० नंतर, तशीच हललेली चित्रे पर्यटनाच्या जाहिरातींत झळकू लागली. बंडाची लिपी प्रवासाच्या तिकिटांसाठी वापरात आली. नाकाहिरांनी १९७३ मध्ये आपल्या पूर्वीच्या शैलीवर स्वतःच कठोर टीका केली आणि वस्तू स्पष्ट दाखवणारे, वनस्पतींच्या सचित्र कोशासारखे छायाचित्र आपल्याला हवे असल्याचे मांडले. आपल्याकडे नवकवितेची प्रतिमासृष्टी, आणि नंतर साठोत्तरी कवितेची भाषा, अनुकरणात कशी गुळगुळीत झाली हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या घटनेचे नवल वाटणार नाही.

आता मुंबईकडे येऊ. या शहराच्या धूसर चित्रांत रघू राय यांचे १९९५ चे चर्चगेट स्थानकाचे चित्र अनेकांच्या स्मरणात असेल. प्रवाशांचा लोंढा धूसर होऊन वाहतो आहे आणि त्याच्या मधोमध वर्तमानपत्र वाचणारी मोजकी माणसे स्थिर, स्पष्ट आहेत. या चित्राची ताकद लोंढ्यात आहे असे पहिल्यांदा वाटते. प्रत्यक्षात ती लोंढा आणि वाचक यांच्या संबंधात आहे. वाचणारे नसते तर लोंढ्याची गती कशाशी मोजायची? आणि लोंढा नसता तर वाचनातली ती शांतता कशी जाणवली असती?

येथे आम्हाला मर्ढेकरांची आठवण होते. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मधल्या त्यांच्या लयसिद्धांतात संवाद, विरोध आणि समतोल ही तीन तत्त्वे आहेत, हे आपण प्रश्नपत्रिकेसाठी पाठ करतो आणि उत्तरपत्रिकेत मोजतो. आमचे म्हणणे असे, की ती तत्त्वे अशा चित्रापुढे पुन्हा जिवंत होतात. स्थिर आणि चल यांचा विरोध, त्या विरोधातून साधलेला समतोल : धूसर चित्राला आकार येतो तो यातून. सगळेच धूसर असेल तर विरोध उरत नाही, म्हणून लयही उरत नाही. मग उरतो तो फक्त परिणाम.

‘धावती मुंबई’ला आम्ही पहिले पारितोषिक दिले तेव्हा तिच्यात विरोध नव्हता असे नाही, लोखंडी कठडे होते, पत्रे होते. स्थिर होत्या त्या वस्तू आणि धूर झाली ती माणसे. हे आम्हाला खटकले तर नाहीच, उलट आवडले. कारण ‘महानगरीय जाणीव’ शिकवताना आम्हीच वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत : यंत्रवत जीवन, चेहरा हरवलेला माणूस, तुटलेपण. ते चित्र आमच्या टिपणांशी तंतोतंत जुळले. त्याने आम्हाला काही नवे दाखवले नाही. आमचेच उत्तर आम्हाला परत दिले, आणि आपण विद्यार्थ्यांना देतो तसे आम्ही त्याला पूर्ण गुण दिले. आमच्या चुकीचे मूळ येथे आहे. छायाचित्राच्या तंत्राचे अज्ञान हे त्यामानाने किरकोळ कारण.

त्या धुरातल्या एकेका माणसाला तरी आपण यंत्रवत का म्हणावे? आमच्यापैकी दोघे रोज त्याच पुलावरून जातात. कुणाला विरारच्या गाडीत दाराजवळची जागा हवी असते, कुणाला पाळणाघर बंद होण्यापूर्वी पोचायचे असते, कुणी मुलाच्या दहावीच्या गुणांची बेरीज मनाशी करत असतो. गती ही हेतूची खूण आहे. माणूस धूसर होतो याचा अर्थ त्याला कुठेतरी जायचे आहे आणि जाण्यापुरती वाट त्याला मिळाली आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा जीव गेला. दादरपासून ते स्थानक एका थांब्याच्या अंतरावर. आज त्याचे नाव प्रभादेवी आहे. त्या सकाळी पाऊस होता, पुलावरच्या माणसांना पुढे सरकायला वाट नव्हती. गर्दीचे भय तिच्या धावण्यात नसते, तिच्या थांबण्यात असते, हे त्या दिवशी कळले. तेव्हापासून धुराच्या लोटासारखी मुंबई पाहून ‘माणूसपण हरवले’ असे म्हणताना आमची जीभ अडखळायला हवी होती. परीक्षणाच्या दिवशी ती अडखळली नाही.

याला एक रास्त आक्षेप आहे, आणि तो आमच्यातल्याच एकाने घेतला. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा चेहरा त्याची परवानगी न घेता टिपणे हेच मुळात संशयास्पद आहे. धूसरता त्या माणसाला झाकते, त्याचे खासगीपण राखते. मग धूर झालेली गर्दी हेच अधिक सभ्य चित्र नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. विशेषतः आज, जेव्हा रस्त्यावर टिपलेला कोणताही चेहरा तासाभरात हजारो पडद्यांवर जाऊ शकतो, तेव्हा न ओळखले जाण्याचा अधिकार ही चैन राहिलेली नाही. पण झाकणे आणि पुसणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. माणूस ओळखू न येताही त्याची कृती ओळखू येऊ शकते, जशी त्या कठड्यावरच्या हातांची येते. आणि चेहरा दिसूनही माणसाचा मान राखता येतो. पण त्यासाठी त्याच्यासमोर थांबावे लागते, चार शब्द बोलावे लागतात. त्या विद्यार्थिनीला आम्ही नंतर विचारले. ती त्या बाईंकडून दोन वर्षे गजरा घेत होती. चित्र काढण्यापूर्वी विचारले होते, आणि काढल्यावर दाखवलेही होते. बाईंनी पाहून म्हटले होते, ‘‘चेहरा बरा आलाय.’’ हातांबद्दल त्या काहीच बोलल्या नव्हत्या. आपले हात असेच दिसतात, हे त्यांना नवीन नसावे.

आणखी एक गोष्ट अलीकडची. फोनमधला कॅमेरा आता एका चित्रासाठी अनेक चित्रे टिपतो आणि त्यांतून एक स्पष्ट चित्र जुळवतो. गूगलच्या पिक्सेल फोनांत २०२१ पासून हललेला चेहरा आपोआप सावरण्याची सोय आली, आणि पुढच्या वर्षी जुन्या हललेल्या चित्रांचीही धूसरता काढण्याची सोय झाली. उलट बाजूने, आयफोनमध्ये २०१७ पासून ‘लाइव्ह’ चित्राला बोटाच्या स्पर्शाने दीर्घ प्रकाशनाचा आभास देता येतो. म्हणजे धूसरता नको तर पुसता येते आणि हवी तर चढवता येते. पूर्वी भर दुपारच्या उन्हात पाव सेकंद शटर उघडे ठेवायचे तर बारीक छिद्र ठेवूनही आणखी ३२ पट प्रकाश अडवणारी गडद काच भिंगावर लावावी लागे. संध्याकाळची वाट पाहावी लागे, कॅमेरा टेकवायला कठडा शोधावा लागे. ही अडचण गेली याचे दुःख आम्ही करत नाही. मात्र अडचण होती तोवर धूसरता ही निदान घडलेल्या काळाची नोंद होती. आता ती निवडीची बाब झाली, आणि निवडीची बाब झाली की तिची जबाबदारी निवडणाऱ्यावर येते. ‘फोटो हलला’ असे म्हणून कर्ता लपवण्याची सोय यापुढे नाही.

तेव्हा आमचे मत असे. रस्त्यावरच्या चित्रातली धूसरता चांगली की वाईट, असा प्रश्नच विचारू नये. तीन प्रश्न विचारावेत. काय हलले आहे? काय स्थिर राहिले आहे? आणि या दोहोंच्या संबंधातून आपल्याला असे काही कळले का, जे दोन्ही स्पष्ट असते तर कळले नसते? स्टाइनर्टचा एक पाय, पीटर्सबर्गच्या कठड्यावरचे हात, चर्चगेटचे वाचक या तिन्ही प्रश्नांना उत्तर देतात. ‘धावती मुंबई’ पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर देते आणि तिसऱ्यापाशी थांबते. तिला नापास करावे असे आम्ही म्हणत नाही. ती काढणारा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे आणि त्याने जे शिकवले तेच काढले. शिकवणारे आम्ही होतो.

गजरेवालीच्या चित्राला हेच प्रश्न विचारले तर काय हाती येते? चेहरा स्थिर आहे, कारण तिचे लक्ष गिऱ्हाइकावर आहे. हात हलले आहेत, कारण त्यांच्याकडे पाहण्याची तिला गरज उरलेली नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने बोटे आपले काम आपण करतात. चेहरा आणि हात यांच्यातले हे अंतर म्हणजेच कसब, आणि ते पाचशेव्या भागाच्या चित्रात कधीच दिसले नसते. तेथे दिसली असती दोरा धरलेली दहा बोटे, जणू कुणी त्या बाईंना ‘हलू नका’ असे सांगितले आहे. त्या विद्यार्थिनीने सेकंदाचा आठवा भाग निवडला होता, फोन एका फळकुटावर टेकवून, आणि अकरा वेळा. आमच्या शेऱ्यात ‘तांत्रिक दोष’ असे जे लिहिले आहे तेच त्या चित्राचे क्रियापद आहे.

पारितोषिक परत घेता येत नाही, आणि घेऊही नये. परीक्षणपत्रक मात्र मंडळाच्या फायलीत आहे. आम्ही त्यावरचा शेरा खोडलेला नाही. खाली तारीख घालून एक ओळ वाढवली आहे : ‘हात हलत होते. परीक्षकांना दिसले नाही.’ तिघांनी सह्या केल्या आहेत. यंदाच्या प्रदर्शनाचा विषय अजून ठरायचा आहे. ठरेल तेव्हा परीक्षकांमध्ये त्या विद्यार्थिनीचेही नाव असावे, असे आम्ही मंडळाला सुचवले आहे.